१८६ आमदार, १९ महिने : अंतुले प्रकरणाचा अभ्यास

एखादा मुख्यमंत्री वादात सापडला की चहाच्या टपरीपासून वाहिन्यांच्या चर्चेपर्यंत एकच प्रश्न फिरायला लागतो : हा टिकतो का पाच वर्षं? आणि उत्तर देणारे लगेच आमदार मोजायला बसतात. इतके याच्याकडे, तितके त्याच्याकडे, इतके कुंपणावर. मला या मोजणीचं नेहमी हसू येतं, कारण महाराष्ट्राच्या इतिहासात या मोजणीला तोंडघशी पाडणारं एक प्रकरण ठळक बसलेलं आहे. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले, तेव्हा २८८ च्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसचे १८६ आमदार होते. विरोधक विखुरलेले. सरकार पडण्याची सुतराम शक्यता नव्हती आणि ते पडलंही नाही. १२ जानेवारी १९८२ ला अंतुल्यांना जावं लागलं, तेव्हा सभागृहात त्यांच्याविरुद्ध कुठलाही ठराव मंजूर झालेला नव्हता.

एकोणीस महिने आणि वर तीन दिवस.

हे प्रकरण नीट समजायचं तर आधी सिमेंटबद्दल बोलायला हवं, कारण आज तिशीत असलेल्या वाचकाला ते पटकन पचणार नाही. सिमेंट ही तेव्हा दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती. किंमत सरकारने ठरवलेली, वाटपही सरकारच्या हातात. घर बांधायचं तर अर्ज, अर्जाला नकाशा जोडा, मग परमिट, मग परमिटावर लिहिलेली पोती गोदामात येण्याची वाट. ज्याला थांबता येत नसे तो काळ्या बाजारात जाई. आमचं घर कोकणात, जांभ्याच्या चिऱ्याचं. न्हाणीची जमीन आणि ओटीच्या पायऱ्या सिमेंटच्या करायच्या म्हणून वडिलांनी दहा पोत्यांचा अर्ज केला होता. चार-पाच खेपा झाल्यावर परमिट मिळालं ते चार पोत्यांचं. त्यातलं एक पोतं दमट हवेत कडेने धरलेलं, गोटे झालेलं. रिकामी तागाची पोती मात्र वाया गेली नाहीत. एक दाराशी पाय पुसायला, दुसरं उभं चिरून पावसात डोक्यावर घ्यायला. चार पोत्यांसाठी माणूस तालुक्याला खेपा घालत होता, त्याच काळात मुंबईत इमारतींवर इमारती उठत होत्या. त्यांना सिमेंट कुठून मिळतं, हा प्रश्न गावातल्या कुणालाही पडला असता. तो छापून यायला मात्र ३१ ऑगस्ट १९८१ उजाडावा लागला.

त्या दिवशी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. अंतुल्यांनी काही न्यास, म्हणजे ट्रस्ट, काढले होते. त्यातला ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ सगळ्यात गाजला. हेतू कागदावर उत्तम : अडचणीतल्या लेखक-कलावंतांना मदत. दुसरा न्यास कोकणच्या विकासाच्या नावाचा. आरोप असा की बिल्डरांना नेहमीच्या वाटपाबाहेर सिमेंट मिळत होतं आणि त्याच सुमारास त्यांचे धनादेश या न्यासांकडे जात होते. साखर कारखान्यांकडून घेतलेल्या देणग्यांचाही विषय त्यात होता. पैसे खिशात गेले असं नव्हे, धनादेशाने आले, पावतीसह आले. त्यामुळे अंतुल्यांचे समर्थक म्हणत, यात लपवलंय काय? मला वाटतं तीच या प्रकरणातली खरी गंमत आहे. रोख व्यवहार असता तर वर्तमानपत्राच्या हाती वास लागला असता, कागद लागला नसता. इथे व्यवहाराने आपला हिशेब आपणच लिहून ठेवला होता. एका बाजूला सिमेंटच्या वाटपाच्या नोंदी, दुसऱ्या बाजूला देणग्यांच्या. दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, एवढंच काम उरलं होतं.

खुर्ची कुणी दिली?

आता मागे जाऊ. ९ जून १९८० ला पैज लावायची असती, तर अंतुले पाच वर्षं काढतील यावर मी पैसे लावले असते का?

अंतुले रायगडमधल्या आंबेतचे. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले. १९६२ पासून विधानसभेत, पुढे राज्यसभेत. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा राज्यातले बडे नेते बहुतेक पलीकडे गेले, हे इंदिराबाईंबरोबर राहिले. पडत्या काळात सोबत राहिलेल्याला सत्ता आल्यावर बक्षीस मिळतं, तसं हे मिळालं. पण त्यांच्यामागे साखर कारखाना नव्हता, जिल्हा बँक नव्हती, दूध संघ नव्हता. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकाराच्या जाळ्यात त्यांचा एकही धागा नव्हता. मराठा नेतृत्वाची सवय झालेल्या पक्षात कोकणातला मुसलमान मुख्यमंत्री. राज्याला लाभलेला पहिला आणि आजवरचा एकमेव. आज हे वाक्य लिहिताना अभिमान वाटतो. त्या वेळच्या हायकमांडच्या हिशेबात मात्र त्याचा अर्थ वेगळा होता : या माणसाला स्वतःचं मूळ नाही, तेव्हा तो आपल्याला आव्हान देणार नाही.

म्हणजे १८६ आमदार होते खरे, पण त्यांचे नव्हते. निवडून आले होते ते इंदिराबाईंच्या नावावर, आणि मनाने होते आपापल्या जिल्ह्यातल्या नेत्यांचे.

दुसरी गोष्ट अधिक क्रूर. शपथविधीनंतर बरोबर चौदा दिवसांनी, २३ जून १९८० रोजी, संजय गांधी विमान अपघातात गेले. राज्याराज्यांत मुख्यमंत्री बसवताना ज्यांचा शब्द चालला होता, तो माणूसच नाहीसा झाला. अंतुल्यांनी लवकरच निराधारांसाठी अनुदानाची योजना आणली आणि तिला संजय गांधींचं नाव दिलं. ती योजना अजून चालू आहे. गावातल्या म्हाताऱ्या बाया महिन्याच्या महिन्याला ‘संजय गांधीचे पैसे आले का’ असं विचारतात, आणि त्यामागे कोण मुख्यमंत्री होता हे त्यांच्यापैकी क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

तेवीस कामं एका दमात

‘तेवीस’ हा आकडा मी गमतीने वापरतोय, पण अंतुल्यांच्या कामाचा झपाटा तसाच होता. फाइल खालून वर चढायची वाट बघायची नाही, समोरच निर्णय. कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं ते १९८१ च्या सुरुवातीला. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन नवे जिल्हे. छोट्या शेतकऱ्यांची कर्जमाफी. भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा, जिच्यावरून टिंगलही भरपूर झाली. मराठवाड्याची जुनी मागणी असलेलं मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबादचं खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं.

या तारखांकडे जरा बघा. २७ ऑगस्टला न्यायालयाचं खंडपीठ, ३१ ऑगस्टला लेख. ज्या उच्च न्यायालयाला त्यांच्या सरकारने मराठवाड्यात नेलं, त्याच न्यायालयाच्या मुंबईतल्या दालनात साडेचार महिन्यांनी त्यांचा निकाल लागायचा होता.

झपाट्याने काम करणाऱ्या माणसाबद्दल लोकांना प्रेम वाटतं आणि ते चुकीचं नाही. सिंधुदुर्गच्या माणसाला आज जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागत नाही, ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण मधल्या पायऱ्या गाळून निर्णय घेण्याची हीच सवय सिमेंटच्या बाबतीत अंगाशी आली. जिल्हा काढायला नियम वाकवावा लागत नाही, वेग पुरतो. टंचाईतली वस्तू वाटताना नियम हेच एकमेव कवच असतं, आणि ते यांनी स्वतःच काढून ठेवलं.

नाकापेक्षा मोती जड

लेख आल्यावर संसदेत गदारोळ झाला. प्रतिष्ठानला आपलं नाव वापरायला पंतप्रधानांची संमती होती की नव्हती, यावर तो वाद येऊन ठेपला. माझ्या मते अंतुल्यांचं भवितव्य ठरलं ते इथे.

हे पटवायला मी जून १९८० मधल्याच इतर मुख्यमंत्र्यांकडे बोट दाखवतो. त्याच महिन्यात काँग्रेसने अनेक राज्यांत मुख्यमंत्री बसवले. एकच वर्ग, एकच मास्तर. राजस्थानात जगन्नाथ पहाडिया, ते जुलै १९८१ मध्ये गेले. उत्तर प्रदेशात विश्वनाथ प्रताप सिंह, डाकूंचा बंदोबस्त जमला नाही म्हणून जुलै १९८२ मध्ये बाहेर. बिहारमध्ये जगन्नाथ मिश्र, ते १९८३ पर्यंत. पण गुजरातमध्ये माधवसिंह सोळंकी टिकले, ओरिसात जानकी वल्लभ पटनायक टिकले आणि मध्य प्रदेशात अर्जुन सिंह टिकले. सोळंकींकडे क्षत्रिय, हरिजन, आदिवासी आणि मुसलमान अशी स्वतः बांधलेली मतांची मोट होती, म्हणून ते टिकले हे समजतं. अर्जुन सिंहांचं उदाहरण जास्त बोलकं आहे. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांच्या राजधानीत, भोपाळमध्ये, वायुगळती झाली. हजारो माणसं मेली. तरी खुर्ची गेली नाही. मार्च १९८५ च्या निवडणुकीत ते पुन्हा जिंकले आणि लगोलग पंजाबचे राज्यपाल म्हणून रवाना झाले.

आता तुलना करा. एकीकडे हजारो मृत्यू, दुसरीकडे सिमेंटची पोती आणि धनादेश. नैतिकतेच्या तराजूत कुठलं पारडं खाली जाईल हे लहान पोरही सांगेल. तरीही टिकले ते पहिले आणि गेले ते दुसरे. अपराध किती मोठा यावर खुर्चीचं आयुष्य ठरत नाही. कागदावर नाव कुणाचं आहे, यावर ठरतं. अंतुल्यांनी प्रतिष्ठानला इंदिराबाईंचं नाव दिलं ते निष्ठा दाखवायला, आणि बहुधा संरक्षण म्हणूनही : बाईंच्या नावाच्या संस्थेला हात कोण लावणार? पण आरोप झाले तेव्हा मथळ्यात मुख्यमंत्र्याच्या आधी पंतप्रधानांचं नाव गेलं. देणगीदार ज्या नावाला बघून धनादेश लिहीत होते, त्याच नावाला डाग लागला. कवच म्हणून बांधलेली गोष्ट गळ्यातली धोंड झाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार.

मग ३१ ऑगस्टलाच का नाही काढलं? मधले साडेचार महिने का गेले? हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यात रोचक वाटतो. माझं उत्तर असं : काढणं म्हणजे मान्य करणं. पक्षाने स्वतःहून मुख्यमंत्री हटवला असता, तर न्यासाच्या नावातला आरोप आपल्या हाताने पावती फाडून घेतल्यासारखा झाला असता. ठेवणं अवघड, काढणं त्याहून अवघड. अशा वेळी बाहेरच्या कुणीतरी निर्णय द्यावा अशी सगळ्यांची मनातून इच्छा असते. वादग्रस्त नेता ‘टिकलाय’ असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो टिकलेला नसतो. त्याला काढायची सबब कुणाला मिळालेली नसते, इतकंच.

सबब दिली मुंबई उच्च न्यायालयाने. जनता पक्षाचे प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला : बिल्डरांना झालेलं सिमेंटचं वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे. निकाल आला आणि राजीनामा जाहीर झाला. (हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त ग्लिसरॉलच्या चौकशीला बसले आणि त्या अहवालानंतर आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी या नावाची धास्ती घेतली असेल तर नवल नाही.)

पुढचे दिवसही साधे नव्हते. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, म्हणजे शहराच्या इतिहासातला सगळ्यात मोठा संप सुरू झाला तेव्हा जाणारा मुख्यमंत्री निघालेला आणि येणारा अजून पोचलेला नाही. मग बाबासाहेब भोसले आले. पुन्हा एक बॅरिस्टर, पुन्हा स्वतःचा गट नसलेला माणूस. ‘बंडोबांचे थंडोबा’ हा शब्दप्रयोग त्यांच्या नावावर सांगतात. फेब्रुवारी १९८३ मध्ये तेही गेले आणि वसंतदादा पाटील आले. १९८० च्या त्या एका विधानसभेने तीन मुख्यमंत्री बघितले आणि पक्षाचं बहुमत शेवटपर्यंत अबाधित राहिलं.

खुर्ची गेल्यावर

प्रकरण इथे संपलं असतं तर ते राजकीय किस्सा म्हणून उरलं असतं. पण भाजपचे रामदास नायक यांनी अंतुल्यांवर फौजदारी फिर्याद केली होती आणि तिने कायद्याची पुस्तकं भरली.

पदावरच्या मंत्र्यावर भ्रष्टाचाराचा खटला भरायचा तर राज्यपालांची मंजुरी लागते. सप्टेंबर १९८१ मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना पहिली फिर्याद दाखल झाली ती याच मुद्द्यावर अडली. ते पायउतार झाल्यावर, जुलै १९८२ मध्ये, काही आरोपांपुरती मंजुरी मिळाली. मग नवा पेच : मुख्यमंत्री नाहीत, पण आमदार आहेत ना, मग आमदार म्हणून वेगळी मंजुरी नको का? फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, नको. ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे, त्या पदावर माणूस अजून बसलेला असेल तरच मंजुरी लागते.

आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. खुर्चीला चिकटून राहण्याचं कारण फक्त लाल दिवा आणि बंगला नव्हे. खुर्ची हीच ढाल असते. ती सोडली की त्याच दिवशी माणूस कायद्यासमोर उघडा पडतो, असं या निकालाने स्पष्ट झालं. वादग्रस्त नेते राजीनामा द्यायला इतके का कचरतात, याचं एक उत्तर मंजुरीच्या या नियमात होतं. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला आणि पद सोडलेल्यांनाही मंजुरीचं संरक्षण दिलं गेलं. म्हणजे आता सोडून जाणं थोडं कमी धोक्याचं आहे. तरी कुणी लवकर सोडतो असं दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

१९८४ च्याच निकालात न्यायालयाने खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला होता. चार वर्षांनी, एप्रिल १९८८ मध्ये, सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने म्हटलं की आमचंच चुकलं. असा खटला विशेष न्यायाधीशापुढेच चालला पाहिजे, तो वर नेल्यामुळे आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला गेला, आणि न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला बसता कामा नये. सर्वोच्च न्यायालय स्वतःचा आदेश असा मागे घेतं हे विरळाच. आणि १९९१ च्या डिसेंबरमध्ये तिसरा निकाल : जलद सुनावणी हा आरोपीचा हक्क आहे, पण त्याला वर्षांची ठराविक मुदत बांधून देता येणार नाही. तोवर मूळ घटनेला दहा वर्षं उलटून गेली होती. विधीच्या विद्यार्थ्याला विचारा, ‘अंतुले’ म्हटलं की तो मुख्यमंत्र्याबद्दल बोलत नाही, या तीन निकालांबद्दल बोलतो. एवढं होऊन या खटल्यातून त्यांना शिक्षा झाली नाही.

अंतुले संपलेही नाहीत. १९८९ पासून अनेकदा लोकसभेत गेले. मजा अशी की जिल्ह्याचं नाव त्यांनी बदललं तरी लोकसभा मतदारसंघाचं नाव २००८ च्या फेररचनेपर्यंत कुलाबाच होतं. स्वतः पुसलेल्या नावावर ते निवडून येत राहिले. मनमोहन सिंग सरकारात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले, हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दलच्या विधानाने पुन्हा वादात सापडले, २००९ मध्ये अनंत गीते यांच्याकडून हरले आणि २ डिसेंबर २०१४ ला गेले. मुख्यमंत्रिपद मात्र पुन्हा आलं नाही.

त्यांच्यानंतर शिवाजीराव निलंगेकर गेले ते मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणांवरून न्यायालयाने मारलेल्या ताशेऱ्यांमुळे, अशोक चव्हाण गेले ‘आदर्श’ इमारतीमुळे, मनोहर जोशींना जायला सांगितलं ते मातोश्रीवरून. यातल्या एकाच्याही बाबतीत आमदारांची संख्या कमी पडली नव्हती. वसंतराव नाईकांनंतर एका मुख्यमंत्र्याने सलग पाच वर्षं काढली ती देवेंद्र फडणवीसांनी, २०१४ ते २०१९, आणि त्यात दिल्लीतल्या नेतृत्वाशी असलेल्या मेळाचा वाटा कुणी नाकारणार नाही. म्हणून कुणी मला विचारलं की अमुक तमुक पाच वर्षं काढील का, तर मी आमदार विचारत नाही. मी विचारतो, त्याच्या अडचणीच्या कागदावर वरच्याचं नाव आहे का? आणि त्याला घालवायची सबब कुठल्या न्यायालयात तारखेला लागली आहे?

राहता राहिलं सिमेंट. अंतुल्यांच्या राजीनाम्यानंतर सहा-सात आठवड्यांत, फेब्रुवारी १९८२ अखेर, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. कारखान्यांना उत्पादनाचा काही भाग खुल्या बाजारात विकायची मुभा मिळाली. वडील तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात गेले, परमिटाशिवाय, आणि उरलेली सहा पोती घेऊन बैलगाडीने आले. भाव बघून आजी दिवसभर बोलत होती. गवंड्याने ओटीची शेवटची पायरी ओली असताना काडीने तारीख कोरली, ती अजून वाचता येते : ५-५-८२.